दुखणं, नोकरी आणि बोर्डाचं सर्टिफिकेट: इंदूरकरांसाठी वाटाड्या

कंबर, मान, सांधे, नसा, जागा कुठलीही असो, दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट वेदना म्हणतात. तोवर माणूस सहसा दोन हाडांचे डॉक्टर, एक मालिशवाला आणि मावशीने सांगितलेला काढा इतकं सगळं करून बसलेला असतो. ऑफिसातल्या रजा संपत आलेल्या असतात. मग कुणीतरी सल्ला देतं, "विकलांगचं सर्टिफिकेट काढून घे, पेन्शन सुरू होईल," आणि इथून खरा गोंधळ सुरू होतो.

मला स्वतःला संधिवात आहे. त्याआधी बरीच वर्षं मी एका कारखान्याच्या आस्थापना विभागात होते, त्यामुळे आजारपणाचे अर्ज वाचणाऱ्या खुर्चीत बसले आहे आणि लिहिणाऱ्याही. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातली ओळखीची माणसं आता फाइल घेऊन घरी येतात. प्रत्येकाला जे सांगते तेच इथे एकदा क्रमाने लिहिते.

कडू गोष्ट आधी. आपल्या कायद्यात "वेदना" नावाचं अपंगत्व नाही. २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकार दिले आहेत. चलनवलनाचं अपंगत्व आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आहेत, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. पाठदुखी, मायग्रेन, फायब्रोमायल्जिया ही नावं त्यात सापडणार नाहीत. सर्टिफिकेट देणारं सरकारी डॉक्टरांचं बोर्ड मोजतं ते शरीराचं काम: सांधा किती वाकतो, मुठीत जोर किती, पायावर तोल किती. किती दुखतं हे कुणी मोजत नाही. त्यामुळे दुखण्यापायी तुमचं काय काय थांबलंय, हे कागदावर आणणं ही तुमची खरी मेहनत.

पहिलं पाऊल: दुखण्याला नाव मिळवा

पर्चीवर नुसतं "बॅक पेन" किंवा "अंगदुखी" लिहिलेलं असेल तर ती पर्ची पुढे कुठेच चालत नाही. ऑफिसात चालत नाही, ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, चालत नाही, बोर्डासमोर तर नाहीच. निदान हवं: डिस्क सरकली आहे का, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे का, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे का, मधुमेहाने नसा गेल्या आहेत का.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं याचा ढोबळ अंदाज लक्षणांवरून येतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या वर अंग आखडलेलं राहतं आणि हालचाल केली की मोकळं होतं, असं असेल तर संधिवाततज्ज्ञ गाठा. हाडांच्या डॉक्टरांकडे वर्ष घालवू नका. जळजळ, मुंग्या, विजेसारखी कळ असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. भूलतज्ज्ञ चालवतात ते पेन क्लिनिकही आता शहरात आहेत. सगळं अंग दुखतं, झोप लागत नाही, थकवा जात नाही आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, असं असेल तर फायब्रोमायल्जियाचा विचार होतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे माणूस नाटक करतोय असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून अमलात आली, जुनाट वेदनेला स्वतःचं स्थान दिलेलं आहे. घरी कुणी भुवया उंचावल्या तर हे सांगायला हरकत नाही.

उपचार खाजगीत चालू असले तरी एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन सरकारी पर्ची काढून ठेवा. रांग मोठी असते, पण आजाराची सरकारी नोंद पुढे फार उपयोगी पडते, आणि ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तिथेच सर्टिफिकेटसाठी अर्ज करण्याची मुभाही नियमांत आहे.

आणि मेडिकलच्या दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅकची पट्टी आणणं थांबवा. महिनोन्महिने घेतलं तर पोट आणि किडनी दोन्हींवर बेततं, आणि त्या गोळ्यांचा कागदोपत्री काही पुरावाही राहत नाही. जुनाट वेदनेसाठी डॉक्टर कधी कधी डिप्रेशनची किंवा फिटची म्हणून ओळखली जाणारी औषधं कमी डोसात देतात, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबालिन अशी. इंटरनेटवर नाव शोधून घाबरू नका. ती नसांच्या वेदनेवर काम करतात म्हणून दिलेली असतात, तुम्हाला वेडं ठरवलं म्हणून नव्हे.

सगळे कागद तारखेच्या क्रमाने एका फाइलीत. मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही.

दुसरं पाऊल: वही घाला

ही पायरी लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. दोनशे पानी साधी वही पुरे. रोज दोन-तीन ओळी. पण "आज खूप दुखलं" असं लिहून काही उपयोग नाही. काय लिहायचं ते बोर्डाच्या मोजमापावरून ठरवा.

पायांचं अपंगत्व ठरवताना डॉक्टर दोन गोष्टी पाहतात. एक म्हणजे सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद. दुसरी म्हणजे स्थिरता, आणि ती तपासण्याची यादी आपल्या घरातली आहे: सपाटीवर चालणं, चढावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं, वळणं. हातांचं पाहताना पकड, बोटांचा चिमटा, संवेदना आणि ताकद. पाठीचं पाहताना आखडलेपण, हालचाल आणि नसेवर दाब आहे का ते.

मग वहीत असं यायला हवं: "मंगळवार. मांडी घालून देवासमोर बसता आलं नाही. खुर्चीवर बसून पूजा केली. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला." "गुरुवार. कणीक मळता आली नाही, कुकरचं झाकण सासूबाईंनी लावलं." "शनिवार. सिटी बसमध्ये उभं राहून यावं लागलं, घरी आल्यावर दोन तास आडवी होते." ऑफिसचंही लिहा: किती वेळ सलग बसता आलं, कुठलं काम दुसऱ्याला द्यावं लागलं, कुठल्या दिवशी लवकर निघालात.

चांगले दिवसही लिहा. ज्या वहीत रोज दहापैकी दहा दुखतंय, तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नसता. दुखणं चढतं-उतरतं हेच त्याचं खरं रूप आहे, आणि चांगल्या दिवसानंतर काय किंमत मोजावी लागली हे वहीतच दिसतं. डॉक्टरांकडे जाताना महिन्याभराचा सारांश अर्ध्या पानावर लिहून न्या. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. अर्धं पान ते वाचतात, वही वाचत नाहीत. पर्चीवर एक ओळ लिहून देण्याची विनंती करा: सलग किती वेळ बसणं, उभं राहणं, किती वजन उचलणं योग्य. ही एक ओळ पुढच्या सगळ्या अर्जांचा पाया आहे.

तिसरं पाऊल: नोकरीचं काय करायचं

पहिला नियम: दुखण्याच्या भरात राजीनामा लिहू नका. त्यातही "वैयक्तिक कारणास्तव" असं तर मुळीच लिहू नका.

कारण सांगते. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची सलग नोकरी लागते. पण अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ही पाच वर्षांची अट लागू होत नाही. जे काम आजारपणाआधी करत होता ते करण्याची क्षमता गेली, असं कागदावर असायला हवं. आता चार वर्षं नोकरी झालेल्या माणसाने घरगुती कारण लिहून राजीनामा दिला, तर तो हक्क त्याने स्वतःच्या हाताने पुसला. आस्थापनेत बसलेला माणूस तुमचं कारण तुमच्या पत्रातूनच घेतो, त्याला दुसरीकडे शोधायची गरज नसते.

दुसरी गोष्ट, साहेबांना तोंडी सांगून विषय संपवू नका. तोंडी सांगितलेलं साहेब बदलले की संपतं. अर्ज करा आणि आवक शाखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. खाजगी कंपनीत ई-मेल करा.

अर्ज कसा असावा? अर्ज वाचणाऱ्याला तुमच्या रात्रीच्या वेदनांचं वर्णन नको असतं. त्याने नेमकं काय करायचं, ते त्याला हवं असतं. तेव्हा एक पान, तीन परिच्छेद. पहिल्यात आजाराचं नाव आणि डॉक्टरांची पर्ची जोडल्याचा उल्लेख. दुसऱ्यात अडचण, मोजमापासह: "सलग पाऊण तासाच्या वर बसल्यास पायात बधिरपणा येतो." तिसऱ्यात मागणी, आणि मागणी अशी की उद्यापासून अमलात आणता येईल: उंच-सखल होणारी खुर्ची, तळमजल्यावर टेबल, दर तासाला पाच मिनिटं उठण्याची मुभा, सकाळी अर्धा तास उशिरा येऊन संध्याकाळी अर्धा तास जास्त बसणं, फिरतीच्या ऐवजी टेबलाचं काम, आठवड्यातले काही दिवस घरून काम. दोन-तीनच मागा. दहा मागितलं की एकही मिळत नाही, हा अनुभव आहे.

कायद्याचा आधार कोणाला किती, हे नीट समजून घ्या, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. सरकारी नोकरी असेल तर आधार भक्कम आहे. कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापना तुम्हाला काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर टाकू शकत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगाराच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद नसेल तर जास्तीचं पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. शाळा, विद्यापीठ, निगम, सरकारी बँका यांत असणाऱ्यांनी हे कलम पाठ करावं.

खाजगी नोकरीत कलम २० चं कवच नाही. मात्र प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि वीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तर दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी मिळतात हे त्यात लिहावं लागतं. सुपर कॉरिडॉर आणि विजयनगरच्या आयटी कंपन्यांत हे धोरण बहुधा सापडतं. मागून घ्या, वाचा, अर्जात त्याच शब्दांचा हवाला द्या. सियागंज, कापड मार्केट किंवा सराफ्यातल्या पेढीवर काम करणाऱ्याला मी धोरण मागायला सांगणार नाही. तिथे शेटजींशी मोकळेपणाने बोलणं जास्त कामाचं. फक्त बोलणं झाल्यावर "आज ठरल्याप्रमाणे" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका, तारखेची नोंद राहते.

बोर्डाचं ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट नसेल तर काहीच मागता येत नाही, असं एचआरमध्ये कुणी म्हणालं तर ते खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल दिला. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा आजार होता, आणि ४० टक्क्यांची पातळी नव्हती म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं की सोय मिळण्यासाठी ४० टक्के ही अट असू शकत नाही. आरक्षण, पेन्शन वेगळं आणि काम करता यावं म्हणून केलेली वाजवी सोय वेगळी.

आता ईएसआय. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, दिव्यांग कर्मचाऱ्याच्या बाबतीत २५,००० पर्यंत, तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतात. पावती पाहा. सांवेर रोड आणि पीथमपूरच्या कारखान्यांतल्या कितीतरी माणसांना आपण विमेदार आहोत हेच माहीत नसतं. नंदानगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. आजारपणात ईएसआय डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की. आणि हे अधोरेखित करा: दीर्घ आजारांची ईएसआयची ३४ नावांची एक वेगळी यादी आहे, त्यात मणक्यातली डिस्क सरकणं आणि मज्जारज्जूवरचा दाब हे दोन्ही आहेत. अशा आजारात दोन वर्षांची विमेदारी पूर्ण असेल तर ८० टक्के दराने जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. पाठीच्या रुग्णांसाठी यादीतल्या या नावांइतकी मोलाची दुसरी सवलत मला माहीत नाही. म्हणूनच पहिल्या पावलात "बॅक पेन" या शब्दावर एवढी भांडले. एमआरआयवर डिस्क सरकलेली असून पर्चीवर बॅक पेन लिहिलं, तर हा लाभ हुकतो.

काम करताना दुखल्यावर थांबायचं नसतं, त्याआधी थांबायचं असतं. बरं वाटतंय म्हणून दिवाळीची सगळी झाडलोट एका दिवसात उरकायची आणि मग चार दिवस अंथरुणात, हे चक्र आपल्या घरोघरी आहे. ऑफिसातही तेच, मार्चअखेरीला जोर लावायचा आणि एप्रिलमध्ये रजा टाकायची. मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावा आणि दुखत असो-नसो, उठा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून थोडा पण रोज. नेहरू पार्कात सकाळी चालणाऱ्यांशी स्पर्धा करायची गरज नाही.

चौथं पाऊल: यूडीआयडीचा अर्ज

अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, यांचा अर्ज आता स्वावलंबन कार्डाच्या केंद्रीय पोर्टलवर एकत्रच होतो. स्वतः करता येतो. जमत नसेल तर जवळच्या ऑनलाइन केंद्रावरून करून घ्या.

आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आजाराचे कागद स्कॅन करून ठेवा. अर्जात जो पत्ता टाकाल त्या जिल्ह्याचं बोर्ड तुम्हाला बोलावतं. पुण्या-नागपुराकडून नोकरीसाठी किंवा लग्न होऊन इंदूरला आलेल्यांचा इथेच घोळ होतो, आधारवर जुना पत्ता असतो. आधी तो बदला. पीथमपूरला कामाला पण राहायला इंदुरात, तर बोर्ड इंदूरचं, कारण पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. सर्टिफिकेट एकदा मिळालं की देशभर चालतं. महाराष्ट्रातून घेऊन आला असाल तर इथे पुन्हा काढायची गरज नाही.

मध्य प्रदेशात मात्र एक जास्तीचा कागद लागतो, तो म्हणजे समग्र आयडी, राज्य सरकारचा ओळख क्रमांक. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. राज्याच्या कुठल्याही योजनेला याच्याशिवाय हात लागत नाही. नवीन सुनेचं नाव माहेरच्या समग्रमध्ये असतं, ते सासरच्या कुटुंबात जोडून घ्यायचं राहून जातं. निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन ऑफिसात हे काम होतं. समग्र, आधार आणि बँक खातं तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते पाहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लावायची पद्धत, आणि इथल्या हिंदी नोंदींत ते कधी असतं, कधी नसतं. या एका नावापायी अर्ज परत येतात.

"मॅडम, पाच हजारात चाळीस टक्के करून देतो" म्हणणारा कुणी ना कुणी आवारात भेटतोच. त्याच्याकडे पाहूही नका. खोट्या मार्गाने दिव्यांगांचा लाभ घेणं किंवा तसा प्रयत्न करणं याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पकडला जातो तो सर्टिफिकेटवर नाव असलेला माणूस.

पाचवं पाऊल: बोर्डाचा दिवस

बोर्ड कुठल्या वारी, कुठे बसतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. परदेशीपुऱ्यात सामाजिक न्याय विभागाचं आवार आहे, तिथे माहिती मिळते. फाइल, मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस. रांगेत उभं राहणं झेपत नसेल तर सोबतच्याला उभं करा, तुम्ही बसा.

त्या दिवशी आपण जसे आहोत तसेच जा. काठी रोज वापरत असाल तर न्या, वापरत नसाल तर आणू नका. गोळी नेहमीच्या वेळेला घ्या. काहीजण मुद्दाम औषध न घेता जातात आणि तिथे इतके कळवळतात की डॉक्टरांना नीट तपासताच येत नाही. दुसऱ्या टोकाला आपली जुन्या वळणाची माणसं: "काही नाही हो, चालतंय" म्हणत हसत जिना चढून दाखवणारी. दोन्हींनी नुकसानच. डॉक्टर हात वर करायला सांगतील तेव्हा जिथपर्यंत न ओढता जातो तिथपर्यंत न्या आणि तिथे थांबा. "यापुढे जात नाही" एवढंच सांगा. प्रश्नाचं उत्तर कामाच्या भाषेत द्या: "मांडी घालता येत नाही", "भरलेली बादली उचलता येत नाही", "जिन्यावर एकेक पायरी दोन्ही पाय ठेवून चढते".

आजार बरा होण्यासारखा किंवा ऑपरेशन बाकी असेल तर डॉक्टर ठरावीक मुदतीचं सर्टिफिकेट देतात. इथले लोक त्याला अस्थायी म्हणतात. ते कमी प्रतीचं नसतं, मुदतीत त्यावर लाभ मिळतात.

फायब्रोमायल्जियाच्या किंवा नुसत्या मायग्रेनच्या रुग्णांना मी स्पष्ट सांगते, चलनवलनात टक्के मिळण्याची शक्यता फार कमी आहे. सर्टिफिकेटच्या मागे वर्ष घालवण्यापेक्षा तिसऱ्या पावलावर जोर द्या. सिकलसेलच्या वेदना असणाऱ्यांचं उलट. तो आजार यादीत स्वतंत्र आहे, त्यांनी हाडांच्या बोर्डात अडकू नये, रक्तविकाराच्या गटात अर्ज करावा.

सहावं पाऊल: टक्के आले, पुढे काय

कार्डाचा रंग टक्क्यांवरून ठरतो. ४० च्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक लाभ पिवळ्यापासून सुरू होतात.

पेन्शनबद्दल अपेक्षा आधीच खाली आणा. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनला ८० टक्के अपंगत्व, वय १८ ते ७९ आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं. राज्याची सामाजिक सुरक्षा पेन्शन ४० टक्क्यांपासून आहे. रक्कम महिना ६०० रुपये. तेवढ्यात महिन्याची औषधंही येत नाहीत. पगारदार माणसाने यासाठी नोकरी सोडायचा विचारही करू नये.

पगारदाराला खरा फायदा करात होतो. सगळे जिला ८०यू म्हणून ओळखतात ती वजावट ४० टक्क्यांवर ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपये आहे. बिलं जोडावी लागत नाहीत, सर्टिफिकेट पुरतं. पण ती जुन्या करपद्धतीतच मिळते. कंपनीने तुम्हाला आपोआप नव्या पद्धतीत टाकलं असेल तर हिशोब करून ठरवा. पायांचं अपंगत्व असेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत वाहतूक भत्ता करमुक्त असतो.

पीएफ कापला जात असेल आणि कामाची क्षमता पूर्णपणे व कायमची गेली असेल तर पीएफच्या पेन्शन योजनेतून अपंगत्व पेन्शन मिळते. त्याला दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणीही चालते. १०-डी हा फॉर्म आणि वैद्यकीय बोर्डाची तपासणी लागते. "पूर्णपणे" हा शब्द ते कडकपणे धरतात.

रेल्वेची सवलत ४० टक्क्यांवर आपोआप मिळत नाही. सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही असं रेल्वेच्या नमुन्यात डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, मग रेल्वेचं वेगळं ओळखपत्र निघतं. आपलं इंदूर पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळात येतं. स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के, टू एसीत ५० टक्के, आणि सोबत्यालाही.

दोन ठिकाणी फुकट खेटे घालू नका. निरामय विमा आपल्यासाठी नाही, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वासाठी आहे. बँकेतून वर्षाला २० रुपये कापणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना फक्त अपघाताची आहे, आजाराने आलेल्या अपंगत्वाला तिच्यातून काही मिळत नाही.

सातवं पाऊल: अडलं तर

टक्के कमी लागले असं वाटत असेल तर कलम ५९ नुसार अपील करता येतं. थांबू नका, लगेच करा, आणि बोर्डाने काय तपासलं नाही ते नेमकं लिहा: "उजव्या मनगटाची तपासणी झाली नाही" हे वाक्य "माझ्यावर अन्याय झाला" यापेक्षा कितीतरी जड असतं. नवीन एमआरआय किंवा नसांची तपासणी जोडता आली तर उत्तम.

अर्ज नुसताच पडून असेल तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक मिळतो, आणि तुमचं समाधान झाल्याशिवाय तक्रार बंद करायला घाईघाईने "हो" म्हणू नका, फोन येतो तेव्हा लोक तिथेच फसतात. दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. अर्ज एका पानाचा, हिंदीत, वर विषय आणि शेवटी नेमकी मागणी. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार भोपाळला निःशक्तजन आयुक्तांकडे पाठवता येते, त्यासाठी प्रत्यक्ष जाण्याची गरज नाही.

घरचं थोडं

"सगळ्यांचंच दुखतं गं या वयात" हे वाक्य मी आत्यापासून जावेपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. वाद घालत बसू नका. घरच्या एका माणसाला, कुणा एकालाच, डॉक्टरांकडे सोबत न्या आणि त्याच्यासमोर प्रश्न विचारा. पुढचं तो सांभाळतो. सणावारी मुलींनी किंवा सुनांनी पुरणपोळीचा घाट घालायचा असेल तर पुरण वाटायचं काम नवऱ्याला द्या. मिक्सर आहे, हात मोडत नाहीत.

वेदना लांबली की मन खचतं, झोप जाते, आणि झोप गेली की वेदना वाढते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञ सुचवले तर जा, आणि ती पर्चीही फाइलीत लावा.

हातात सर्टिफिकेट आल्यावर

मुदतीचं असेल तर संपण्याच्या तारखेआधी चार महिन्यांची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा, कारण नव्या नियमांत बोर्डाला सर्टिफिकेट द्यायला तीन महिन्यांपर्यंत वेळ आहे. तोवर वही चालू ठेवा, वर्षातून दोनदा तरी सरकारी ओपीडीची पर्ची काढा. ऑफिसात सर्टिफिकेटची प्रत आवक शिक्क्यासह द्या आणि ती तुमच्या सेवापुस्तिकेत लागली का ते महिन्याभराने जाऊन पाहा. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो फोनमध्ये ठेवा, झेरॉक्स पर्समध्ये, मूळ कार्ड कपाटात.